गड्ड्यात पोरगं हरवलं, मग मनगटाचा पट्टा घेतला: वर्षभर वापरून कसा वाटला ते सगळं सांगते

मनगटाला बांधायचा पट्टा मिळतो बघा, एक टोक पोराच्या हाताला, एक आपल्या हाताला आणि मधे जुन्या लँडलाइन फोनच्या वायरीसारखी गुंडाळी, त्याबद्दल लिहितेय. सुरुवातीलाच सांगते, पट्टा चांगला आहे, मी परत घेणार आहे. पण तो कुठं बांधायचा आणि कुठं काढून पर्समधे ठेवायचा हे कळलं नाही तर तोच घात करेल, आणि हे दुकानदार पण सांगत नाही, पाकिटावर पण लिहिलेलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले.

का घेतला ते आधी सांगते. मागच्या वर्षीचा गड्डा. सोलापूरकरांना गड्डा काय हे सांगायला नको पण बाहेरगावचं कोणी वाचत असेल तर, आमच्या सिद्धरामेश्वरांची यात्रा, जानेवारीत संक्रांतीच्या आसपास. सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं पुढं मागं, पहिल्या दिवशी गावभरच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा सोहळा, मग होम मैदानावर होम आणि त्याच्यानंतर शोभेचं दारूकाम. विधी संपले तरी होम मैदानावरचे पाळणे, खेळ, दुकानं पुढं कितीतरी दिवस चालूच असतात आणि आख्खं गाव, शेजारच्या तालुक्यातली खेडी, कर्नाटकातले लोक सगळे तिथंच.

आम्ही दारूकामाच्या रात्री गेलो होतो. मी, आमचे हे, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, थोरली ९ वर्षांची आणि धाकटा तेव्हा साडेतीन वर्षांचा. आता मला विचाराल तर पोरं हरवतात ती गर्दीनं नाही हरवत, सगळ्यांच्या माना एकदम वर जातात ना तेव्हा हरवतात. पहिला बार वर गेला, सगळे वर बघायला लागले, हात आपोआप ढिला पडला. मला वाटलं धाकटा ह्यांच्याकडं आहे, ह्यांना वाटलं माझ्याकडं आहे. तीन-चार बार होईपर्यंत दोघांनी एकमेकांकडं बघितलंच नाही. बघितलं तेव्हा मधे कोणीच नव्हतं.

त्यानंतरचं काही नीट आठवत नाही मला, एवढंच आठवतंय की आम्ही दोघं दोन दिशेला पळत सुटलो आणि ती पहिली चूक. एकानं तिथंच थांबायला पाहिजे होतं, कारण पोरगं फिरून त्याच जागी आलं असतं तर त्याला तिथं आपलं माणूसच दिसलं नसतं. मी ओरडत होते पण दारूकामाच्या आवाजात माझंच मला ऐकू येत नव्हतं. फोन लावला ह्यांना तर लागेना, एवढ्या लोकांचे फोन एकाच टॉवरवर, नेटवर्क दिसतंय पण कॉल जात नाही. शेवटी थोरलीला सुचलं. म्हणाली मम्मी, मगाशी चिरमुरे घेतले तिथं तो रडत होता ना अजून पाहिजे म्हणून, तिथं बघू की. आणि खरंच तिथंच होता. चिरमुऱ्याच्या पोत्यावर बसवलं होतं त्या मावशीनं त्याला, हातात शेंगदाणे दिले होते, आणि गिऱ्हाईक सोडून त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होती, रडू नको रा नाना, अम्मा येतंय, अम्मा येतंय. मावशी पद्मशाली, तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनी त्याला नाव विचारलेलं, त्यानं घरचं लाडाचं नाव सांगितलं. आईचं नाव काय तर मम्मी. बापाचं नाव काय तर पप्पा. नंबर तर कुठला माहीत असायला. १८ मिनिटं झाली होती, थोरलीच्या हातात घड्याळ होतं तिनं सांगितलं. आणि पोरगं सापडल्यावर पुढं पाऊण तास आमचे हे सापडेनात, ते बिचारे पोराला शोधत पार्क चौकाच्या बाजूला गेलेले आणि फोन लागत नाही. ती मावशी एका जागेवरून हलली नाही म्हणून माझं लेकरू मला मिळालं, हे मी कधी विसरणार नाही.

तर असं झाल्यावर मी पट्टा शोधायला लागले. आधी ऑनलाइन मागवला, कुठून ते लिहीत नाही. आला तो कुलपाचा होता आणि किल्लीच नाही पाकिटात. परत द्यायला गेले तर म्हणे उघडलेला माल परत होत नाही, मग फोटो पाठवा, मग व्हिडिओ पाठवा, दहा-बारा दिवस त्यात गेले तेव्हा कुठं पैसे आले. मग नवी पेठेत एका लहान मुलांच्या सामानाच्या दुकानात मिळाला, ३४९ ला. दुकानदार चांगला होता, म्हणाला ताई ओढून बघा, जोर लावून ओढा की, आणि दोन-तीन उघडून दाखवले. मला एवढंच म्हणायचंय की ही वस्तू हातात घेऊन, पोराला सोबत नेऊन, मनगटाला लावून बघूनच घ्यावी. मनगटाचा घेर प्रत्येक पोराचा वेगळा.

आता वस्तूबद्दल. मी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर आहे, अकरा वर्षं झाली, त्यामुळं कुठलीही शिवलेली वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघते. गुंडाळी आहे ती वरून प्लास्टिक आणि आत बारीक स्टीलची तार, ती काही तुटत नाही, आमच्या ह्यांनी पायाखाली धरून ओढून बघितलं. पडून असते तेव्हा हातभर, ताणली की दीड मीटरपर्यंत जाते. दोन्ही टोकांना फिरती कडी आहे म्हणजे पोरगं गोल गोल फिरलं तरी पीळ पडत नाही, हे मला फार आवडलं कारण आमचं पोरगं गोलच फिरतं. आत मऊ स्पंजचं अस्तर आहे, घामानं जरा ओलं होतं पण टोचत नाही.

खराब आहे ती शिलाई. पट्टा जिथं कडीला जोडलाय तिथं सगळा ओढ येतो, आणि नेमकं तिथं साधी एकेरी टीप मारलीय. शाळेच्या पँटच्या खिशाच्या तोंडाला सुद्धा आम्ही बारटॅक, म्हणजे एकाच जागी दाट पक्की टीप, मारतो, कारण पोरं खिशात हात घालून घालून फाडतात, आणि इथं लेकराचा जीव ज्याच्यावर आहे तिथं बारटॅक नाही. दोन महिन्यांत एका बाजूचे धागे निघायला लागले. मी कारखान्यात नेऊन जाड नायलॉनच्या दोऱ्यानं चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारून घेतली, त्यानंतर आजपर्यंत हललेला नाही. तुम्ही घेतला तर घरी आणायच्या आधी कोपऱ्यावरच्या टेलरकडं नेऊन ही टीप मारून घ्या, दहा-वीस रुपयांचं काम आहे, तो नाही म्हणणार नाही.

दुसरं वेल्क्रो. नुसत्या वेल्क्रोचा पट्टा घेऊ नका, आमच्या धाकट्यानं पहिल्याच दिवशी घरी बसल्या बसल्या खर्रकन काढून दाखवला मला. माझा हा वेल्क्रोवर कुलूप असलेला आहे, छोटी किल्ली लागते, दोन येतात. एक मी मंगळसूत्राच्या पिनेला लावते, एक ह्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. दोन्ही एकाच माणसाकडं ठेवू नका, मी एकदा ठेवल्या आणि ती पर्स घरी राहिली, मग साबण लावून हात काढावा लागला पोराचा, रडून गोंधळ. आणि वेल्क्रोत धूळ, लोकरीचे धागे अडकतात, महिन्यातून एकदा जुन्या दातांच्या ब्रशनं साफ केलं तर पकड राहते.

नवी पेठेत रविवारी संध्याकाळी पहिल्यांदा बांधून गेले. कपड्यांची दुकानं, गाड्या, हातगाड्या, तिथं पट्ट्याचं काम एकदम मस्त. एका हातात पिशव्या, पैसे काढायला दोन्ही हात लागतात, तेव्हा पूर्वी मी पोराला दोन पायांच्या मधे धरून उभी राहायचे. आता नुसता मनगटाला झटका बसला की कळतं कुठं निघालाय ते. पण लोक बोलतात हो. एक बाई म्हणाल्या काय ओ, पोराला दावं लावलाय का वासरासारखं. मला तोंड वर करून उत्तर देता आलं नाही तेव्हा, घरी येऊन वाईट वाटलं. आता देते. आता म्हणते मावशी, मागच्या गड्ड्यात १८ मिनिटं नव्हता हा माझ्याजवळ. मग कोणी काही बोलत नाही, उलट थांबून विचारतात कुठं मिळतो म्हणून. तुम्हाला पण बोलतील, तेवढं मनाची तयारी ठेवा.

एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती लिहितेच, कारण ही खरंच महत्त्वाची आहे. पाच वर्षांच्या आतल्या पोराचा हात झटक्यानं ओढला तर कोपराचं हाड जागेवरून निसटू शकतं, पोरगं हात हलवत नाही, लोंबकळत ठेवतं आणि रडतं. नुसता हात धरून उचललं तरी होतं हे. त्यामुळं पट्टा हा ओढायला नाही, ताण आला की आपण त्याच्याकडं चालत जायचं. दोन वर्षांच्या आतल्या लेकरासाठी तर मनगटाचा नकोच, पाठीवर छोटी सॅक आणि छातीला बक्कल असलेला मिळतो तो घ्या, ओढ अंगावर येते, हातावर नाही. आणि कधीच गळ्याला, कमरेला गुंडाळायचा नाही, खांबाला बांधून तर अजिबात नाही, मी एसटी स्टँडवर एका बाईंना बाकड्याला बांधून तिकिटाच्या लाइनला जाताना बघितलंय, जीव थरथरला माझा.

रेल्वे स्टेशनवर आम्ही पुण्याला जायला निघालो तेव्हा मी पट्टा बांधूनच गाडीत चढायला लागले आणि माझ्या मागून माणसं घुसली. मी आत, पोरगं फलाटावर, मधे ताणलेली तार आणि दोन माणसं त्या तारेला अडकलेली. गाडी उभी होती म्हणून ठीक, ह्यांनी मागून पोराला उचललं. पण तेव्हा कळलं की गाडीत चढताना, उतरताना, लिफ्टमधे, सरकत्या जिन्यावर पट्टा अगोदर काढायचा आणि पोरगं कडेवर घ्यायचं. फलाटावर थांबलेलं असताना बांधा, गाडी दिसली की काढा. हे पाकिटावर मोठ्या अक्षरात पाहिजे होतं.

तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत तर पट्टा साफ फेल. रांगेच्या लोखंडी पाइपांमधून पोरगं खालून पलीकडं गेलं आणि तार पाइपात अडकली, पुढं सरकता येईना, मागचे लोक ढकलायला लागले. तिथं पट्टा काढून टाकला आणि पोराला पुढं घेऊन पोटाशी धरलं पूर्ण वेळ. खरं सांगायचं तर दाट गर्दीत पट्टा वापरायचाच नाही. मी हे थोडं वाचलं नंतर. एका चौरस मीटरमधे, म्हणजे साधारण सव्वातीन फूट लांब आणि तेवढ्याच रुंद जागेत धरा, चार-पाच माणसं झाली की चालणं आपल्या हातात राहत नाही, आणि सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी हलते, पुढं ढकललं तर सगळे पुढं. तिथं दीड मीटरची तार लोकांच्या गुडघ्यांच्या उंचीला आडवी आली तर पाडेल कोणाला तरी. २००५ च्या जानेवारीत वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत काय झालं ते आपल्या पिढीला माहीत आहे, जवळपास ३०० माणसं गेली. तेव्हा मी लहान होते पण आईनं त्या वर्षी आम्हाला गड्ड्याला नेलंच नव्हतं. म्हणून साधी खूण सांगते: हात कोपरातून वाकवून छातीसमोर मोकळा हलवता येतोय तोपर्यंत पट्टा चालेल. खांद्याला खांदा घासायला लागला की पट्टा काढा, पोरगं उचला, आणि गर्दीच्या कडेकडेनं बाहेर निघा, देव कुठं जात नाही.

मग सगळे विचारतात की ते बटणाएवढं ट्रॅकरचं का नाही घेत. घेतलं होतं बघायला माझ्या भावाकडून आठवडाभर. आयफोनवाल्यांचा एअरटॅग २०२१ मधे आला त्याच जातीतलं. त्याच्यात स्वतःचं जीपीएस नसतं, जवळून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या फोनवरून तो आपली जागा सांगतो, आणि तुमच्या फोनला ती कळायला तुमचं नेट चालू पाहिजे. गड्ड्यात नेटच जाम असतं. म्हणजे नेमक्या लागणाऱ्या वेळी तो जुनी जागा दाखवणार. सामानाच्या बॅगेला लावायला छान आहे, कंपनीनं पण सामानासाठीच काढलाय. आणि त्यात बटणासारखा सेल असतो, तो लेकरानं गिळला तर अन्ननलिका जळते काही तासांत, त्यामुळं लहान पोराच्या हाताला तर मी नाहीच लावणार. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन मोठ्या माणसांसाठी ठीक आहे, १५ मिनिटं, १ तास नाहीतर ८ तास असं निवडता येतं, गर्दीत शिरायच्या आधीच ८ तासांचं चालू करून ठेवा, आत गेल्यावर ते सुरू व्हायला पण नेट लागतं. आणि कॉल लागत नाही तेव्हा साधा मेसेज टाकून बघा, तो बऱ्याचदा जातो, आमच्या ह्यांना माझा मेसेजच आधी मिळाला होता त्या रात्री.

आता आत्यांचं. मी खरं तर हा पट्टा आत्यांसाठी पण वापरणार होते, त्यांना आता जागा, रस्ते पटकन ध्यानात राहत नाहीत. कार्तिकीला पंढरपूरला नेलं तेव्हा हळूच म्हटलं, आत्या, हातात हे घालता का. तर म्हणाल्या, मी काय गाय हाय व्हय ग. मग मी पुन्हा कधी काढला नाही विषय, मोठ्या माणसाचा मान आहे तो. पण त्यांनीच मला जे शिकवलं ते त्या ३४९ च्या पट्ट्यापेक्षा कामाचं निघालं. आत्या तरुणपणी माऊलींच्या पालखीत चालत गेलेल्या. म्हणाल्या, लाखो माणसं असतात पण वारकरी हरवला तरी घाबरत नाही, कारण त्याला त्याच्या दिंडीचा नंबर पाठ असतो. रथापुढं २७ दिंड्या, बाकीच्या रथामागं, कोणालाही विचारा अमुक नंबर कुठं आहे, तो बोट दाखवणार, आणि मुक्कामाचं गाव तर आधीच ठरलेलं. हात सुटला तर सुटू दे, संध्याकाळी तिथं पोचायचं. आणि वर झेंडा असतो, मान वर केली की दिसतो.

हे ऐकून आम्ही आता घरचीच दिंडी केलीय. कुठंही गेलो की आत शिरायच्या आधी एक जागा ठरवायची, आणि ती जागा हलणारी नसली पाहिजे. मागच्या वेळी आम्ही म्हटलं होतं भेळवाल्याजवळ भेटू, तर भेळवाल्यानं गाडी हलवली. आता चार पुतळ्याजवळ, किंवा किल्ल्याच्या दरवाज्याशी, अशी. सगळ्यांनी, थोरलीनं पण, मोठ्यानं बोलून दाखवायची. पंधरा मिनिटं सापडलं नाही कोणी की शोधत बसायचं नाही, सरळ तिथं जायचं. आणि झेंडा म्हणजे ह्यांच्या डोक्यावर पिवळाजर्द सोलापुरी टॉवेल, ह्यांची उंची चांगली आहे, होम मैदानावर पन्नास पावलांवरून दिसतो तो. आत्यांना टॉवेल पटकन ओळखू येतो, चेहरे लांबून नाही ओळखू येत त्यांना आता. त्यांच्या पिशवीला पण त्याच टॉवेलची एक पट्टी फाडून बांधलीय मी.

धाकट्याला पण वर्षभर घोकून घेतलंय. आईचं खरं नाव, बाबांचं खरं नाव, आडनाव, आणि नंबर गाण्याच्या चालीत. हरवलास तर पळायचं नाही, उभा राहायचं, आणि कोणाला सांगायचं तर पोलिसांना, नाहीतर दुकानात बसलेल्या बाईला, नाहीतर ज्यांच्याबरोबर लहान पोरं आहेत अशा काकूंना. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, अस्तरावर, मी माझा आणि ह्यांचा नंबर दोऱ्यानं भरतकाम करून घातलाय, पेननं लिहिलेला घामानं पुसतो. नाव मुद्दाम नाही घातलं, बाहेरून नाव दिसलं की कोणीही नावानं हाक मारतो आणि लेकराला वाटतं ओळखीचा आहे. त्याच्या खाली १०९८ आणि ११२ पण घातलेत, १०९८ लहान मुलांसाठीचा, आणि ११२ वर पोलीस मिळतात. आणि घरातून निघताना दोन्ही पोरांचा पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो काढायचा, कारण त्या रात्री पोलीसदादांनी मला विचारलं अंगात काय आहे, आणि मी शर्टाचा रंग चुकीचा सांगितला. मीच सकाळी घातलेला शर्ट.

यंदाच्या गड्ड्यात सगळं एकदम वापरून बघितलं. पाळण्यांच्या बाजूला, दुकानांच्या गल्ल्यांत पट्टा बांधलेला होता, दोन वेळा झटका बसला आणि दोन्ही वेळा तो फुग्यांकडं निघाला होता. अक्षतेला गेलो नाही पोराला घेऊन, तिथली गर्दी पट्ट्याची नाही आणि साडेचार वर्षांच्या पोराची पण नाही, आत्या आणि हे जाऊन आले. दारूकामाला मैदानाच्या आत शिरलोच नाही, लांबून बघितलं, आणि पहिला बार वर जायच्या आधी मी मोठ्यानं म्हटलं, धाकटा माझ्याकडं आहे. हे म्हणाले, थोरली माझ्याकडं. दर थोड्या वेळानं म्हणत होतो. साधी गोष्ट आहे पण मागच्या वर्षी एवढं एक वाक्य आम्ही बोललो नव्हतो.

तर पट्ट्याला गुण द्यायचे तर तारेला ५ पैकी ५, कडीला ५, शिलाईला २, पाकिटावरच्या माहितीला शून्य. अडीच ते पाच वर्षांचं चालतं-पळतं पोरगं असेल आणि बाजार, स्टँड, लग्नाचं कार्यालय असल्या ठिकाणी जाणं असेल तर जरूर घ्या, कुलपाचाच घ्या, ५०० च्या वर देऊ नका. सहाच्या पुढच्या पोराला नको, त्याला लाज वाटते आणि त्याला जागा ठरवून सांगितलेली कळते.

चिरमुऱ्याच्या मावशींना यंदा भेटायला गेलो मुद्दाम, त्याच जागेवर होत्या. मी शेंगाची पोळी करून नेली होती डब्यात. धाकट्याला बघून आधी ओळखलं नाही त्यांनी, मग पोत्याकडं बोट दाखवून तोच जाऊन बसला तेव्हा हसायला लागल्या. पट्टा हातात घेऊन ताणून बघितला, कडी फिरवून बघितली, अस्तर उलटं करून भरलेले आकडे बोटानं चाचपले. त्यांची नात आहे दीड वर्षाची, दुकानाच्या मागं पोत्यांमधे खेळत असते दिवसभर आणि यांचं निम्मं लक्ष तिकडं. म्हणाल्या मला पण आणून दे एक, पैसे देते. मी म्हटलं मावशी तिला हा नको, ती लहान आहे, छातीच्या बक्कलचा लागेल. मी येत्या रविवारी नवी पेठेत जाऊन तो घेणार आहे, टीप कारखान्यात मारून घेणार आणि गड्डा उठायच्या आत नेऊन देणार.